दहात एक

झालं! एक्केचाळिसावा नमुनाही जळला. पुण्याच्या लॅबमधून आलेला सहकारी प्रेरणाचा मेसेज वाचून धम्मशीलानं मोबाइल बाजेवर उलटा टाकला. संशोधनाची मुदत शनिवारी संपत होती. तोवर रेणू वळून परत आला नाही, तर तीन वर्षं पाण्यात.

काम सांगायला सोपं होतं. सोन्याच्या पत्र्यावर रेणूंचा एक थर. व्होल्टेज दिलं की रेणू पीळ घेणार, वीज वाहणार; काढलं की सरळ होणार, वीज बंद. डोळ्याला न दिसणारं बटण! पण दाटीवाटीनं उभे केलेले सगळे रेणू एकदम वळायला बघत, वीज उसळे आणि थर करपून जाई. तिला आता कशाचाच हुरूप उरला नव्हता. म्हणून तर अमडापूरला माहेरी येऊन पडली होती.

"डीपी पुन्हा उडाली," तिचे बाबा, किसनराव, चपला काढत म्हणाले. "लाइन आली अन् साऱ्याइच्या मोटारी एकदम उठल्या."

डीपी म्हणजे शेतांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर; आणि लाइन येताच मोटार आपोआप चालू करणारी डबी, तिला गावात ऑटो म्हणत. "ऑटो काढाचं ठरलं होतं ना?" तिनं विचारलं.

"काढले ना सगळ्याइनं. मंग दोन दिसानं ज्यानं त्यानं गुपचूप लावले." ते खजील हसले. "म्याबी."

"काऊन?"

"लाइनीची वाट पाहत इहिरीवर कोन बसन, माय?"

"सगळ्याइनं काढाची गरजच नाही, बाबा. मधी मधी काही जन गप बसले तरी डीपी वाचते."

बोलता बोलता ती उठून बसली. लगेच प्रेरणाला फोन लावला. "दाटी मोड गं. दहात एकच वळणारा ठेव. बाकीचे नऊ साधे, न वळणारे."

शुक्रवारी नवी डीपी बसली. लाइन आली, चहूकडं मोटारी गुरगुरल्या. किसनराव मात्र ऑटो काढून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले होते. शेजारच्या जानरावांना आणि संघपाललाही त्यांनी बसवलं होतं. डीपी टिकली.

तेवढ्यात त्यांच्याजवळ बसलेल्या धम्मशीलाला प्रेरणाचा फोन आला. "वीज जराशीच वाहते गं. पण शंभर वेळा वळला, शंभर वेळा परत आला!"

तिला आनंद व्हायला हवा होता. पण रडूच फुटलं. "एवढंसंच होतं, बाबा. अन् मले तीन वर्स लागले."

"मले साठ लागले," म्हणत किसनराव उठले आणि त्यांनी हातानं मोटारीचं बटण दाबलं.