तीनशे बारा जणांनी मानलेला आकडा

"मॅडम आज म्यूटवर आहेत," आमचे विभागप्रमुख क्षितिज सर म्हणाले आणि मीटिंगमधले सगळे हसले. मीही हसले. एकादशीला दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं, हे आमच्या चाकणच्या कंपनीत गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना माहीत आहे. अगदीच अडलं तर मी चिठ्ठी लिहिते.

पडद्यावर माझाच पेपर होता, सतरा वर्षांपूर्वीचा, पीएच.डी.च्या वेळचा. औषधाचा एक अवघड रेणू दोनच पायऱ्यांत जोडायची पद्धत. शंभरातले एक्क्याण्णव भाग हाती लागतात, असं त्यात छापलंय. आजवर तीनशे बारा शोधनिबंधांनी त्याचा हवाला दिला आहे. सरांनी एक्क्याण्णवचा आकडा मोठा करून दाखवला. मग शेजारी स्वप्नालीचा आकडा. चौसष्ट.

स्वप्नाली परभणीची. देहूरोडला तिघींबरोबर खोली घेऊन राहते, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे. त्यातले चार महिने हीच रिॲक्शन लावते आहे. तेवीस वेळा लावली. बासष्ट, चौसष्ट, त्रेसष्ट. सरांनी आवाज न चढवता सांगितलं, की पद्धत तीनशे जणांनी मानलेली आहे, म्हणजे दोष हाताचा. तिला कायम करायच्या कागदावर आज सही व्हायची होती, ती आता होणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काही लिहायचंय?"

पॅड माझ्यापुढे होतं, पेन होतं. मी मान हलवली. नाही.

सतरा वर्षांपूर्वी ते वजन मीच केलं होतं. फ्लास्कमधला माल काकवीसारखा दाट होता आणि त्यात द्रावक अडकलेलं होतं, म्हणजे वजन फुगलेलं. पण सांगवीला सासूबाईंच्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं, मला घाई होती. माझे गाइड मधुसूदन सर, त्यांना "एक्क्याण्णव" सांगून मी निघाले. रात्रभर पंपावर सुकलेल्या फ्लास्कचं सकाळी पुन्हा वजन केलं, तर चौसष्ट. तोवर सर पेढे घेऊन आले होते. माझं वजन त्यांनी कधी तपासलं नाही, एवढा विश्वास. मी पेढा खाल्ला.

पुढे बाहेरच्या लॅबमधल्या दोघांनी ईमेल करून विचारलं, आमच्याकडे एवढं का येत नाही. मी कळवलं, रसायनं ताजी घ्या.

नव्या मुलींना मात्र मी शिकवते, की तीनदा वजन करा, तिन्ही जुळल्याशिवाय वहीत लिहू नका. मॅडम फार काटेकोर, असं सगळे म्हणतात.

मीटिंगनंतर लॅबकडे निघाले, तर काचसामान धुणाऱ्या यशोदाबाई दारातच भेटल्या. "बाई, ती पोर सकाळपासून जेवली न्हाई. तुमचा उपास हाय, तिचा कशाचा?"

स्वप्नाली वजनकाट्यापाशी उभी होती. तिने वही पुढे केली. रोजच्या पानावर साक्षीदार म्हणून माझी सही लागते.

"चोविसावी, मॅडम. परत चौसष्टच. माझ्या हातातच काहीतरी कमी आहे. तुम्ही सही करा, मग मी राजीनामा टाइप करते."

पावणेबारा झाले होते.

"चौसष्टच बरोबर आहे," मी म्हणाले. सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा आला.

ती आधी घड्याळाकडे बघायला लागली. "मॅडम, अजून बारा..."

"माहीत आहे. माझा फ्लास्क ओला होता, स्वप्नाली. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली, हातमोजे काढले आणि तळहात उलटेपालटे करून बघत राहिली. "मी घरी सांगितलं होतं, मला जमत नाही म्हणून," एवढंच म्हणाली.

मी सहीच्या जागी लिहिलं, मूळ पेपरमधला आकडा चुकीचा आहे, चूक माझी. खाली पूर्ण नाव, तारीख, वेळ. तिने ते वाचलं आणि उठून फ्लास्क पुन्हा काट्यावर ठेवला. दोनदाच वजन झालं होतं म्हणे. आकडा स्थिर होईपर्यंत आम्ही दोघी काट्यावर वाकून बघत होतो. चौसष्ट.

वही घेऊन मी क्षितिज सरांच्या केबिनमध्ये गेले. मला बघून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली आणि हसत हसत कागद-पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी ते परत सरकवलं.