राब न जाळल्याचा सत्कार

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका कंपनीचे साहेब आमच्या गावात आले. मुरबाडच्या डोंगराखाली गाव, त्यामुळे गाडी देवळापर्यंतच आली. साहेब बोलत होते तोवर आतला गारवा जाऊ नये म्हणून ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, आमच्या काचेच्या इमारतीत वीज फार जळते, तिचा कार्बन कमी करायचाय. तर तुम्ही यंदा राब जाळू नका. तुमचा वाचलेला धूर इमारतीच्या खात्यात जमा होईल आणि तुम्हाला घरटी एक सौरदिवा मिळेल. मग तुमची वीज कमी होणार का, असं मी विचारलं. साहेबांनी दिव्याचं खोकं उघडून दाखवलं.

भाताची रोपं जिथं करायची त्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून पेरणीआधी आम्ही जाळतो, तो राब. त्यानं तण मरतं आणि रोप जोम धरतं. पण धर्मा, माझा चुलतभाऊ आणि गावचा पुढारी, त्यानं होकार देऊन टाकला. गावानं मान डोलावली. माझी बायको पारू तेवढी ऐकेना. पोरांनी वर्षभर काय खायचं, एवढंच ती विचारत होती. तिनं आमचा राब जाळला. धर्मा आला आणि खुंटीवरचा आमचा दिवा काढून घेऊन गेला.

वैशाखात कंपनीनं त्याला मुंबईला, त्याच काचेच्या इमारतीत सत्काराला बोलावलं. एकट्याला धीर होईना, म्हणून मला ओढून नेलं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत आम्हाला हुडहुडी भरली होती. भर दुपारी पडदे ओढून दिवे लावले होते. इमारतीला पर्यावरणाचं बक्षीस मिळालं. धर्माच्या खांद्यावर शाल घातली, ती त्यानं शेवटपर्यंत गुंडाळून घेतली, थंडीच तेवढी होती.

आषाढात गावभर रोपं पिवळी पडली, तण वीतभर वर आलं. रोप मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, ही आमची रीत. पण यंदा मागायचं कुणाकडे? सगळ्यांनी एकदमच शहाणपणा केला होता. मग एकेक जण आमच्या बांधावर येऊन रोपं घेऊन गेला. शेवटी धर्मा आला, तीच शाल डोक्यावर घेऊन.

"सायबाकडं जाऊन माग," मी म्हणालो.

पारूनं मला गप्प केलं. वाफ्यात आमच्यापुरतीच रोपं उरली होती. तरी पारू वाकून रोपांच्या मुठी उपटत राहिली.

"शाल आथरा, भावजी."

"कशाला गो वयनी?"

"रोपं बांधाया. हातात किती नेशाल?"

धर्मानं खाली मान घालून जरीची शाल चिखलात पसरली. पारूनं तिच्यावर मुठी रचल्या, गाठ मारली आणि गाठोडं त्याच्या डोक्यावर चढवलं.

ती इमारत अजून थंडगार असेल. आमचं खालचं खाचर मात्र त्या वर्षी लावणीवाचून पडीक राहिलं.