भात्यामागची जागा

"बाबा, किती जोरात ओढू?" ऑर्गनच्या मागून सूनबाईने विचारलं.

"वारा संपणार नाही इतपत!" वादक खेकसले आणि लगेच स्वतःवरच चिडले.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या थोडं आधीच त्यांची बायको गेली होती. चर्चच्या माडीवरच्या या जुन्या ऑर्गनचा भाता मागून हाताने दांडा ओढून चालवावा लागे, आणि तो दांडा तिने कधी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. वाजवताना नवरा रेंगाळला की मागून लाकडावर टकटक करायची. उपवासकाळात ऑर्गन मुका, म्हणून आजवर निभावलं. पण आज मधला रविवार, आनंदाचा! एवढा एक दिवस वेदीवर फुलं, फादरांच्या अंगावर जांभळ्याऐवजी गुलाबी झगा आणि ऑर्गनला बोलायची मुभा. कसला आनंद नि कसलं काय! वादकांनी खिशातली ऑर्गनची किल्ली चाचपली. मिस्सेची उपासना संपली की ती फादरांना देऊन टाकायची आणि मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. देवाशी तर बोलणंच बंद होतं.

स्तोत्र सुरू झालं. बोटं सवयीने चालत होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता; कान मागच्या टकटकीकडे लागलेले. दुसऱ्या कडव्यात सूर एकाएकी कण्हले आणि बसले. भात्यातला वारा संपला होता.

रागारागाने वादक मागे वाकले, तर सूनबाई दांडा सोडून, डोळे मिटून, मोकळ्या गळ्याने गात होती. खाली लोकही थांबले नव्हते. लोहार बेसूर, नर्सबाई सगळ्यांच्या पुढे, पण सारं देऊळ स्वतःच्या श्वासावर गात होतं. वादकांना हसू फुटलं, बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

"बरं, आहेस तर तू," ते देवाला म्हणाले आणि गाऊ लागले.

मिस्सा संपली तेव्हा सूनबाई रडवेली झाली होती. "चुकलंच, बाबा. गाता गाता हात थांबला."

"तुझ्या सासूचा कधी थांबला नाही," वादक म्हणाले आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत दांडा ओढणाऱ्या बायकोला मिस्सेत गाताना त्यांनी ऐकलंच नव्हतं.

किल्ली खिशातच राहिली. ते मागे जाऊन बायकोच्या स्टुलावर बसले. दांडा तिच्या हाताने गुळगुळीत झाला होता.

"तू गा, पोरी. किती जोर लागतो ते मला बघू दे."

सूनबाई गाऊ लागली. मुक्या ऑर्गनमध्ये ते वारा भरत राहिले.