अतियाच्या पुड्या

हजराबीनं डी जीवनसत्त्वाची पुडी फोडली, दुधाच्या पेल्यात ढवळली आणि पेला धाकट्या सुनेच्या, अतियाच्या, हाती दिला. थोरली गझाला चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात जरा जास्तच जोरात पडला.

"मले काहून नाही, अम्मी?"

"डॉक्टरीणबाईनं मना केलं ना तुले!"

केलं होतं खरं. गझालाच्या फुप्फुसांत सारकॉइडोसिसच्या गाठी होत्या. या आजारात डी जीवनसत्त्व अंगात आपणहून जोर धरतं, वरून घेतलं तर रक्तात कॅल्शियम चढतं, असं यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. पण तिच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, हेही त्याच म्हणाल्या होत्या. मग हाडांचं औषध अतियाला कशाला? म्हणे, बाळंतपणापासून तिची कंबर धरते! कापूस मातीमोल झाल्यापासून घाटंजीत चहासुद्धा बिनदुधाचा झाला होता. या बयेला मात्र दर जुम्म्याला पेलाभर दूध. वर ती गोरी, हसरी, सासूची लाडकी. गझालाच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

तिनं डब्यातल्या पुड्या चोरून खायला सुरुवात केली. अतियाला आठवड्याला एक, तर हिला एक दिवसाआड.

पुढे तिची तहान भागेना. उलट्या सुरू झाल्या, बोलता बोलता शब्द हरवू लागले. शेवटी यवतमाळला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. ती जरा शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेशी उभ्या होत्या.

"कॅल्शियम भलतंच चढलंय. डी जीवनसत्त्व कुणी दिलं हिला?"

हजराबी गोंधळली. अतियानं मान खाली घातली.

"मीनं देलं, मॅडम. भाभीचे हाडं दुखत व्हते. मले पाहवलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. त्या गेल्यावर हजराबीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"चुकली, पण दिलाची साफ आहे माही पोर."

गझालाला उपकार वाटायला हवे होते. वाटला तो जळफळाट. चोरी आपण करायची आणि चांगुलपणा अतियाच्या पदरात! ती कोपरावर उठली.

"खोटं बोलून राह्यली ते, अम्मी. मीनंच चोरून खाल्ल्या."

"खोटं नाही, भाभी," अतिया हळूच म्हणाली. "तुम्ही घेता ते मले दिसे. म्हणूनच तं डबा मी भरून ठेवत जाई."

गझालानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या घरात तिनं स्वतःच्या हिमतीवर केलेली ती एकच गोष्ट. तीही अतियानंच दिलेली निघाली.