बासरीनं उतरलेलं बीपी

नांदगाव खंडेश्वरच्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. स्वरानंद महाराज बासरी वाजवत आणि लोकांचं बीपी उतरे. जिना चढून धापा टाकत आलेल्या प्रत्येकाचं बीपी शिष्य दारातच मोजत, बासरी संपली की पुन्हा मोजत. आकडा खाली आला की माईकवर गर्जना: "देहाची तार जुळली! आता गोळ्यांचं काय काम?"

हे थोतांड उघडं पाडायला मी गेलो होतो. मी गजेंद्र, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला. बासरी सुरू झाली, माझी मान डोलू लागली, आणि शेजारची बाई म्हणाली, "भाऊ, रुमाल देऊ काय?" मी रडत होतो! बीपीही उतरलं. महाराजांनी मला शाल पांघरली. "सायन्सचे सर बी शरण आले!" मी चक्क वाकून नमस्कार केला.

ते ऐकून माझ्या बहिणीनं, माणिकबाईनं, गोळ्या सोडल्या. मी ओरडलो, तर म्हणाली, "तूच तं डोलून राहिला होता. मंग मले काहून अक्कल शिकवून राहिला?" आठवड्यात ती चक्कर येऊन न्हाणीत पडली.

कपाळाला टाके घालणारी डॉक्टर गीतांजली माझीच विद्यार्थिनी. सगळं ऐकून ती म्हणाली, "सर, जिना चढल्याबरोबर बीपी वाढतेच. बसलं की उतरते. तुमीच शिकवलं होतं ना?"



पुढच्या बैठकीला ती गच्चीवर आली. "महाराज, आज आधी बासरी नको. लोकं नुसते बसतीन, मंग मोजू."

महाराज गडबडले, पण पुढच्या रांगेत बसलेले गावातले खुशालराव पाटील म्हणाले, "मोजू द्या ना, काय बिघडते?"

सगळ्यांचं बीपी उतरलं. महाराज लगेच म्हणाले, "आमच्या सान्निध्याचा प्रभाव!"

"मंग तुमी खाली चहा घ्या. आमी पुन्हा जिना चढून येतो."

लोक खाली जाऊन वर आले, बसले. महाराजांविनाही बीपी उतरलं. गच्चीवर हशा पिकला. महाराज चहा टाकून कधी निघून गेले, कोणाला कळलंच नाही.

गीतांजलीनं समजावलं, "संथ सुरानं श्वास संथ होते, मन निवते, जुनं आठवून रडूही येते. ते खरं आहे. पण त्यानं आजार जात नाही."

मग मी माईक घेतला. "मंडळी, मी रडलो ते खरं. पण माझं रडणं हा पुरावा नव्हता, आणि बहिणीनं तोच पुरावा मानला. गाणं जरूर ऐका, पोटभर रडा. पण गोळी सोडायची की नाही, हे डॉक्टरला विचारा. डोलणाऱ्या मास्तरला नाही!"