डिप्लोमाचा काना

आपण ज्याला डिप्लोमा म्हणतो आणि जर्मन लोक ज्याला डिप्लोम म्हणतात, त्यांच्यात लिहिताना फक्त एका कान्याचा फरक आहे. तो काना नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने खोडला. चुकून नाही, मुद्दाम. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगता सांगता माझं मन मला वाचवायला धावेल, आणि त्याला मी चांगला ओळखून आहे.

मीनल, माझी बायको, दहावीनंतर कऱ्हाडला तीन वर्षं शिकून मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. मी पुण्याचा बी.ई. कॉम्प्युटर. लग्न ठरलं तेव्हा माझी आई नातेवाइकांना सांगायची, "मुलगी इंजिनिअरिंगवाली आहे." डिप्लोमा हा शब्द आमच्या घरात जरा खालच्या आवाजातच बोलला जायचा. इकडे जर्मनीत आल्यावर कळलं की इथे जुन्या पद्धतीत डिप्लोम म्हणजे विद्यापीठाची पूर्ण पदवी, अगदी मास्टर्सच्या तोडीची. लोक ती नावाच्या आधी लावून मिरवतात.

नऊ वर्षांपूर्वी मीनलने हॅनोव्हरजवळच्या एका कारखान्यात अर्ज केला. तिथे पत्रा दाबून आकार देणारी मोठी यंत्रं बनतात. तिचं जर्मन तेव्हा भाजी घेण्यापुरतं होतं, म्हणून बायोडेटा मी लिहिला. आधी बरोबरच लिहिला होता. डिप्लोमा, भारत, तीन वर्षं. प्रिंट काढली, वाचली आणि मला आठवला सत्यजित. आदल्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या गणपतीत त्याने विचारलं होतं, "वहिनींचं शिक्षण?" मी म्हणालो, "मेकॅनिकल. डिप्लोमा." तो म्हणाला, "अच्छा." बस्स, एवढंच. पण त्या 'अच्छा'ने माझे कान तापले होते. मी पेन घेतलं आणि शेवटच्या अक्षरावर काट मारली. मग कॉम्प्युटरवर तशी दुरुस्ती करून अर्ज पाठवून दिला.

नोकरी तिला कागदामुळे मिळाली नाही. मुलाखतीत त्यांनी समोर ठेवलेल्या ड्रॉइंगमधली चूक तिने पाच मिनिटांत दाखवली, म्हणून मिळाली. पण व्हिजिटिंग कार्डं छापून आली त्यांवर नावाआधी होतं 'डिप्ल. इंग.'

"हे काय रे?" तिने विचारलं.

"इकडे डिप्लोमाला तसंच म्हणतात," मी म्हणालो.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? जर्मन मला येत होतं.

अकरा वर्षं आम्ही एकाच भाड्याच्या घरात राहतोय. एका ओळीत चिकटून उभ्या असलेल्या घरांपैकी शेवटचं. मागे वीतभर बाग, तळघरात वॉशिंग मशीन. तनया या घरात चालायला शिकली. आता ती बारा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं आणि उत्तरं जर्मनमध्ये देते. घरमालकीण फ्राउ त्सीगलर ऐंशी ओलांडलेल्या. गेल्या उन्हाळ्यात त्या स्वतः येऊन म्हणाल्या, "मी मुलीकडे ड्युसेलडॉर्फला जातेय. घर विकायचंय. पहिला हक्क तुमचा. पण मार्चअखेरपर्यंतच थांबेन, त्यानंतर एजंटकडे देणार."

घर घ्यायचं तर कर्ज हवं, आणि कर्जाच्या बाबतीत मी बिनकामाचा ठरलो. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीने वसंतात माणसं कमी केली, त्यांत मी होतो. नवी नोकरी मिळाली ती दोन वर्षांच्या मुदतीची. बँकेतल्या बाईंनी माझा पगार अगदी सौजन्याने बाजूला सरकवला. "बेफ्रिस्टेट," त्या म्हणाल्या. म्हणजे मुदतीचा, म्हणजे आमच्या हिशेबी नाहीच. सगळी भिस्त मीनलवर आली. तिला नव्या वर्षात गटप्रमुख करायचं ठरलं होतं. त्या पदाचं करारपत्र आणा, कर्ज मंजूर, असं बँकेने सांगितलं. मी उत्साहाच्या भरात नोटरीकडे आम्हा दोघांची माहितीही ऑक्टोबरमध्येच पाठवून दिली.

नोव्हेंबरात मीनल कारखान्यातून आली ती कोट न काढताच खुर्चीवर बसली. नव्या पदासाठी पर्सनल विभागाने, म्हणजे इथल्या एचआरने, मूळ प्रमाणपत्र मागितलं होतं. तिने विश्वासाने कऱ्हाडचं प्रमाणपत्र नेऊन दाखवलं होतं.

"चारू, डिप्लोम म्हणजे डिप्लोमा नाही?"

मी चहाचं आधण ठेवत होतो. पाठमोराच राहिलो.

"त्या बाई मला म्हणाल्या, तुमच्याकडे नसलेली पदवी तुम्ही नऊ वर्षं नावाला लावताय. इथे तो गुन्हा आहे. सगळ्यांसमोर नाही म्हणाल्या, दार लावून म्हणाल्या. तेवढं बरं."

"भाषेचा घोळ झाला असेल," मी म्हणालो.

'असेल'! तो शब्द मला आजही टोचतो.

"मी तेच सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, मीच लिहिलं, माझ्या भाषेची चूक. कार्डं परत घेतली त्यांनी."

माझी चूक तिने आपल्या नावावर मांडून घेतली होती आणि मी पातेल्यात साखर घालत होतो. त्या क्षणी बोलायला हवं होतं. नाही बोललो. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

नोकरी गेली नाही, कारण तिचं काम सगळ्यांना माहीत होतं. पण गटप्रमुखाच्या जागेला पदवी लागते, हा नियम. अडलेली गाडी पर्सनलच्या बाईंनीच पुढे काढली. शहरातल्या एका होखशूलमध्ये, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात, अशी परीक्षा घेतात की तुम्ही कामातून जे शिकलात ते तिथे सिद्ध करा. वर्गात न बसता त्याचे पॉइंट्स मिळतात. जुन्या डिप्लोमाचे थोडे, परीक्षेचे उरलेले, असे मिळून नव्वद पॉइंट्स जमले तर कारखाना करारपत्र द्यायला तयार होता. दोन लेखी पेपर आणि एक तोंडी. तारीख फेब्रुवारीची.

घरातले जाडजूड ऑर्डनर, म्हणजे आमच्या कागदपत्रांच्या फायली, तिने दोन दिवस खाली काढून ठेवले होते. जुने दाखले, मार्कशीटा शोधत होती. त्यानंतर ती जरा गप्प झाली. परीक्षेची धास्ती, असं मी स्वतःला सांगितलं.

तिचा अभ्यास तळघरात चालायचा. वॉशिंग मशीनशेजारी एक घडीचं टेबल, कारण वर तनयाची बासरी. शनिवार-रविवार सकाळी आठपासून. वय शेहेचाळीस, चष्मा कपाळावर, पायांत माझे लोकरी मोजे. एकदा ती वही घेऊन वर आली.

"हे इंटिग्रेशन बघ ना. तू तर गणिताच्या एम-थ्री पेपरात पंचाऐंशी काढलेस म्हणे."

म्हणे नव्हे, काढले होते. वीस वर्षं मी ते सगळ्यांना ऐकवत आलोय. मी वही घेतली, ऐटीत पेन घेतलं आणि पंधरा मिनिटं नुसता बघत राहिलो. काही म्हणजे काही आठवेना. तिने वही परत घेतली. संध्याकाळी तिनेच मला ते गणित सोडवून दाखवलं, एकेक पायरी, अजिबात न चिडवता. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

तनया दारात उभी होती. "दास शाफ्स्ट दू, मामा," ती आईला म्हणाली. तू करशील.

"आई म्हण गं, मामा काय," मीनल म्हणाली आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

लेखी पेपर झाले. तोंडी परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. कॉरिडॉरमध्ये लाकडी बाकावर बसलो होतो. दार बंद होतं. आत ती एकटी होती आणि मी नऊ वर्षांपूर्वी केलेल्या काटेचा जाब देत होती. बाकावर बसून मला दुसरं काही सुचतच नव्हतं. चाळीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा हात काळे झाले होते.

"ग्रीस," ती म्हणाली. ट्राममध्ये बसल्यावर बोलली. "प्रोफेसरांनी टेबलावर तुटलेला शाफ्ट ठेवला. म्हणाले, हा का तुटला? पुस्तकातलं काही विचारलंच नाही."

"मग?"

"मी तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवलं. शिंपल्यावर असतात ना, तशा बारीक रेषा होत्या. म्हटलं, हा एका दणक्यात तुटलेला नाही. याला फार पूर्वी कडेला एक चीर गेली होती, केसाएवढी. वरून दिसत नव्हती. रोज थोडी थोडी वाढत गेली, आणि उरलेला भाग एक दिवस एकदम तुटला. ते म्हणाले, गेनाऊ. बरोबर."

एवढं बोलून तिने रुमालाने बोटांवरचं ग्रीस पुसलं. मला त्याच वेळी सांगायचं होतं. आमचा स्टॉप आला, आणि मी उतरलो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. नव्वदच्या वर चार पॉइंट्स जास्तच होते. तनयाने पत्र फ्रिजवर लावलं. मी आईला पुण्याला फोन केला. आई म्हणाली, "म्हणजे आता पूर्ण इंजिनिअर झाली का?" मी म्हणालो, "ती आधीपासूनच होती." आई म्हणाली, "हो ना, आपण तेच सांगत आलो." सांगत आलो होतो, हेच तर दुखणं होतं.

करारपत्र झालं, बँकेने होकार दिला. नोटरीने मसुदा दोन आठवडे आधी ईमेलने पाठवला. मी तो मोबाइलवर सर्रकन खालपर्यंत सरकवून पाहिला. आम्ही सॉफ्टवेअरवाले असंच वाचतो. मीनलने प्रिंट काढून, टेबलाशी बसून पेन्सिल घेऊन वाचला. एकही खूण न करता ठेवून दिला.

इथे घराचा व्यवहार नोटरीसमोर होतो, आणि कायद्याने त्याला सगळा दस्तऐवज मोठ्याने वाचून दाखवावाच लागतो. एकही ओळ गाळता येत नाही. मार्चचा शेवटचा आठवडा होता. लांब टेबलाच्या एका बाजूला फ्राउ त्सीगलर काठी धरून, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. नोटरी एका सुरात वाचत होते, सत्यनारायणाची पोथी वाचणाऱ्या गुरुजींसारखे. विकणारीचं नाव, जन्मतारीख, पत्ता. मग घेणारे. माझं नाव झालं. नंतर मीनलचं नाव आलं, आणि त्याच्या आधी ठळक, स्पष्ट, 'डिप्लोम इंजिनिअर'.

ऑक्टोबरमध्ये माहिती मीच पाठवली होती. ती भानगड उघडकीस येण्याआधी, सवयीने.

नोटरी पुढच्या ओळीवर गेले होते. मी मीनलकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या कागदाकडे बघत होती. गप्प बसणं सोपं होतं. मला त्याची नऊ वर्षांची सवय होती. पण पुढे सही व्हायची होती, आणि ते खोटं या वेळी तिच्या घराच्या कागदावर जाणार होतं. नव्वद पॉइंट्स मिळवून तिने जे धुतलं होतं ते मी पुन्हा तिथे लावत होतो.

"मोमेंट, बिट्टं," मी म्हणालो. जरा थांबा. "हे चूक आहे. माझ्या पत्नीकडे भारतातला डिप्लोमा आहे, तीन वर्षांचा. डिप्लोम नाही. ते मी लिहिलं. नऊ वर्षांपूर्वीही मीच लिहिलं होतं, आणि मला फरक माहीत होता."

नोटरींनी चष्मा काढला. फ्राउ त्सीगलर आमच्याकडे बघू लागल्या. मी मराठीवर आलो.

"मीनल, भाषेचा घोळ नव्हता गं. मला लाज वाटत होती. तुझ्या डिप्लोमाची."

"माहीत आहे," ती म्हणाली. "नोव्हेंबरात ऑर्डनर काढले ना, त्यांत तो कागद मिळाला. तुझ्या पेनाने काट मारलेला."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या परीक्षेची तारीख लागली होती. तुझी लागायची होती."

"आणि हा मसुदा? तू तर वाचला होतास."

"वाचला ना. ती ओळही वाचली."

नोटरी खाकरले. त्यांनी विचारलं, हे सरळ काढून टाकू का? इथे त्याची काही गरज नाही.

"नाही," मीनल जर्मनमध्ये म्हणाली. "काढू नका. बरोबर करा. डिप्लोमा, कऱ्हाड. शेवटी 'आ' आहे."

त्यांनी शाईच्या पेनाने दुरुस्ती केली, समासात सही केली, आणि नियमाप्रमाणे ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. तो 'मा' त्यांनी नीट ठासून उच्चारला. डिप्लोमा. मला लाज वाटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत वाटली. पण या वेळी ती डिप्लोमाची नव्हती.

नोटरींनी पान उलटलं. अजून बरीच पानं बाकी होती. मीनलचा हात टेबलावर होता. मी त्याच्यावर हात ठेवला. तिने तो काढून घेतला नाही. धरलाही नाही. ती पुढची ओळ ऐकत होती.