डाव्या कडेवर

फॉर्मवरच्या सातव्या प्रश्नापुढे तिनं ‘नाही’वर खूण केली आणि पेन लगेच परत देऊन टाकलं. गेल्या चोवीस तासांत जड वजन उचललंत का, असा तो प्रश्न होता. काल संध्याकाळी इमारतीची लिफ्ट बंद होती आणि पेंगुळलेल्या लेकीला, भिंगरीला, कडेवर घेऊन ती तीन जिने चढली होती. पण खरं लिहिलं तर पुढची तारीख देतील, आणि आणखी आठ दिवस ढकलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. मागच्या महिन्यात रक्तातला एक आकडा वाढलेला निघाला. दुखणं परत आलंय का, आणि आलं असेल तर कुठं, हे आज पेट स्कॅनमध्ये दिसायचं होतं. दूर कामाच्या गावी असलेल्या नवऱ्याला तिनं ‘नेहमीची तपासणी’ एवढंच सांगितलं होतं. उगाच त्याच्या जिवाला घोर.

पन्नाशीचा तंत्रज्ञ आला आणि त्यानं तिच्या उजव्या हातात औषध टोचलं.

“आता तासभर पडून राहायचं. फोन नाही, पुस्तक नाही, बोलायचंसुद्धा नाही.”

“बोलायला आहे कोण इथं?”

“भिंतीशी बोलणारेही भेटतात, ताई. जो स्नायू काम करतो तो औषध खेचून घेतो आणि चित्रात चमकतो. मग आमची पंचाईत.”

जाड दार लागलं. बाहेरचा सगळा आवाज तुटला. तिनं ब्लँकेटखाली डावा खांदा हळूच चोळला. मग चोळणं हेही कामच, असं वाटून हात काढून घेतला आणि छताकडे बघत राहिली.

स्कॅन झाल्यावर तिला बाहेरच्या बाकावर थांबवून ठेवलं. बऱ्याच वेळानं तंत्रज्ञ तिचा फॉर्म घेऊन आला.

“ताई, खरं सांगा. काल काही उचललं होतं?”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मुलगी. चौदा किलो. तीन जिने.”

“डाव्या कडेवर?”

“हो.”

तो चक्क हसला. “मग बरोबर. खांदा, पाठ, सगळी डावी बाजू नुसती लखलखतेय. आमच्यापासून काही लपत नाही हं!”

तीही हसली. किती दिवसांनी.

त्यानं ‘नाही’ खोडलं. पेन मात्र कागदावरच राहिलं.

“आणि उजवीकडे? खाली, कमरेच्या आतही चमकतंय. अधूनमधून उजव्या कडेवरही घेत असाल ना?”

एक ‘हो’ म्हणायचं होतं, बस. सकाळी खोटं लिहिताना हात अडखळला नव्हता. ऑपरेशननंतर चार महिने पोटाच्या उजव्या बाजूला शौचाची पिशवी लावलेली होती. पिशवी गेली, पण भिंगरीला डावीकडूनच चढायची सवय लागली ती लागलीच.

“नाही,” ती म्हणाली. “त्या बाजूला कधीच घेत नाही.”

त्यानं ते लिहून घेतलं. आता तो हसत नव्हता.

“उद्या डॉक्टर सांगतील सगळं. येताना कुणाला तरी सोबत आणा. आणि आज सहापर्यंत मुलीला जवळ घेऊ नका. औषधाचे किरण आहेत अजून अंगात.”

घरासमोरच्या बागेत ती बाकावर बसून राहिली. इथून तळमजल्यावरची नणंदेची खिडकी दिसत होती, आणि खिडकीत मधूनच उडी मारणारी दोन शेंड्यांची टोकं. फोन वाजला.

“वहिनी, कुठं आहात? तुमच्या लेकीनं माझ्या डोक्याचं पार भुस्कट पाडलंय.”

“वाटेत आहे. सहाला येते.”

“इतका वेळ? चालत येताय की काय?”

“तसंच समजा.”

सहा वाजून दोन मिनिटांनी तिनं बेल वाजवली. भिंगरी धावत आली आणि सवयीनं तिच्या डाव्या बाजूला जाऊन हात वर करून उभी राहिली. तिनं पर्स डाव्या खांद्यावर घेतली, वाकली आणि तिला उजव्या कडेवर उचललं.

“आई, चुकलं!” भिंगरी खिदळली. “माझी बाजू ती!”

“माहितीये गं.”

“अहो वहिनी, लिफ्ट झाली दुपारी सुरू,” मागून नणंद म्हणाली.

“हो का,” म्हणत ती जिना चढू लागली.